ट्रॅक्टरचे हायड्रोलिक मंदावल्यास पंप उघडण्यापूर्वी काय तपासावे

भरलेली ट्रॉली उचलायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला की संशय लगेच पंपावर घेतला जातो. वास्तविक पंप सर्वांत शेवटी उघडावा. उचलण्याचा वेग तेलाच्या प्रवाहावर आणि ताकद दाबावर अवलंबून असते, त्यामुळे ट्रॉली सावकाश का होईना पूर्ण उचलली जात असेल तर रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा) स्क्रू आवळून वेग वाढत नाही, उलट होज फुटण्याचा धोका मात्र वाढतो.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, लिफ्ट (अवजारे उचलणारे मागचे हात) व ट्रॉली खाली असताना तेलाची पातळी पाहावी. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रोलिक यांना एकच तेल असते. ट्रॉली उचलणाऱ्या जॅकमध्ये बरेच तेल गेल्यावर पातळी उतरते आणि ती मुळातच कमी असेल तर पंप हवा ओढू लागतो. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी मिसळलेले असते. फेस येत असेल तर पंपाकडे तेल ओढून नेणाऱ्या सक्शन पाइपच्या जोडातील ओ-रिंग (रबरी कडी) बदलावी, कारण ती बाहेर थेंबही न गळता आत हवा घेऊ शकते. पातळी योग्य असूनही पंप किंचाळत असेल तर सक्शनची जाळी व फिल्टर तुंबले आहेत का ते पाहावे.

यानंतर वेळेकडे लक्ष द्यावे, कारण माझ्या मते सर्वांत उपयोगी खूण तीच आहे. सकाळी थंड तेलावर काम मंद आणि नंतर ठीक होत असेल तर जाड तेल किंवा तुंबलेली जाळी कारणीभूत असते. याउलट सकाळी चांगले चालणारे हायड्रोलिक तेल तापल्यावर मंदावत असेल, तर पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून किंवा व्हॉल्व्हमधून आतल्या आत परत जात असते. लिफ्ट ठीक आणि केवळ ट्रॉली मंद असल्यास ट्रॉलीचा होज ट्रॅक्टरला जोडणारा क्विक कपलर पूर्ण बसला आहे का, हे आधी पाहावे.

गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून शोधावी. दाबाखालील तेल कातडीत शिरल्यास जखम बारीक दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय जाऊ नये.

एवढ्यावर उलगडा झाला नाही तर कंट्रोल व्हॉल्व्हच्या (तेल लिफ्टकडे किंवा जॅककडे वळवणाऱ्या झडपेच्या) आधी तेलाचा प्रवाह मोजणारा फ्लो मीटर जोडून तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी. एका फेऱ्याला १० घन सेंटिमीटर तेल देणारा पंप मिनिटाला २,००० फेऱ्यांवर हिशेबाने २० लिटर तेल देतो. फेरे तेवढेच ठेवून दाब वाढवताच हा आकडा झपाट्याने घसरला तर पंप झिजला आहे. तो टिकून राहिला तर दोष पुढे व्हॉल्व्हमध्ये किंवा जॅकच्या सीलमध्ये आहे.