गेटवे राउटरला हात लावण्यापूर्वीचे पंधरा दिवस

मोबाइल डेटाच्या गेटवेचे काम माझ्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा राउटर हाती येण्यास पंधरा दिवस अवकाश होता आणि तेवढे दिवस करायचे काय, असा मला प्रश्न पडला होता. धुळ्यात अभियांत्रिकी शिकताना राउटिंग मी मन लावून शिकलो होतो आणि पुण्यात नोकरी लागल्यावर दोन-चार कार्यालयांची नेटवर्क उभी केली होती. त्यामुळे हाही एक राउटरच आहे, आला की कमांड देऊ, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून या क्षेत्रात येणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी त्या पंधरा दिवसांचा हिशेब येथे मांडत आहे.

हे यंत्र नेमके कोठे बसते, ते आधी कागदावर काढावे. ग्राहकाच्या फोनमधून निघालेले पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा गठ्ठा, मोबाइल कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातून जीटीपी या प्रोटोकॉलच्या वेष्टनात, म्हणजेच टनेलमधून, गेटवेपर्यंत येते आणि गेटवे ते वेष्टन उतरवून आतले पॅकेट इंटरनेटकडे सोडतो. थ्रीजीत या गेटवेला जीजीएसएन म्हणतात, फोरजीत पीजीडब्ल्यू, तर फाइव्हजीत ही वाहतूक यूपीएफ सांभाळतो. नावे बदलली, तरी एका अंगाला टनेल आणि दुसऱ्या अंगाला साधे आयपी हे चित्र तसेच राहिले आहे. थ्रीजी आणि फोरजीत टनेल उभारण्याचे निरोप यूडीपी या वाहतुकीच्या प्रोटोकॉलच्या २१२३ क्रमांकाच्या पोर्टवर आणि ग्राहकाचा डेटा २१५२ वर जातो, म्हणून वाटेतल्या प्रत्येक फायरवॉलमध्ये हे दोन्ही पोर्ट खुले आहेत की नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्यावे. तोंडी होकारावर मी एकदा विसंबलो होतो. पुन्हा विसंबलो नाही.

माझा सर्वाधिक वेळ गेला तो वेष्टनाच्या वजनापायी. बाहेरचा आयपी हेडर, म्हणजे पॅकेटवरची पत्त्याची पट्टी, २० बाइट, यूडीपीचा ८ आणि जीटीपीचा किमान ८, असे ३६ बाइट प्रत्येक पॅकेटवर चढतात. म्हणजे इंटरनेटकडून आलेले १५०० बाइटचे पॅकेट टनेलमध्ये शिरताना १५३६ बाइटचे होते आणि वाटेतला एखादा दुवा १५०० वरच अडलेला असेल, तर ते तेथेच अडते. चाचणीत पिंग व्यवस्थित चालत होते, छोटी पाने उघडत होती, पण मोठे पान उघडू लागले की पांढरा पडदा तसाच राहायचा. दोन दिवस मी डीएनएसला, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेला, दोष देत बसलो. खरे कारण असे होते की पॅकेटवर ‘तुकडे करू नयेत’ अशी खूण होती आणि ‘पॅकेट मोठे आहे’ हा परतीचा आयसीएमपी निरोप एक फायरवॉल गिळत होती. तेव्हापासून नुसते पिंग यशस्वी झाले म्हणून मी समाधान मानत नाही. तुकडे न करण्याची अट घालून १५०८ बाइटचा भार पाठवतो, कारण त्यात २८ बाइटचे हेडर मिळवले की बरोबर १५३६ होतात. टनेलच्या बाजूचा एमटीयू, म्हणजे दुव्यावरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटची कमाल लांबी, सर्वत्र वाढवून घेणे हा सरळ उपाय आहे. ते शक्य नसेल, तर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल लांबी, १४२४ किंवा त्याहून कमी ठेवावा. मात्र हा दुसरा उपाय टीसीपीपुरताच आहे, हे विसरू नये.

पत्त्यांच्या पूलचा, म्हणजे फोनना वाटायच्या आयपी पत्त्यांच्या साठ्याचा, हिशेब हा दुसरा जड भाग आहे. थ्रीजीत डेटा सुरू केल्यावर फोनला पत्ता मिळत असे. फोरजीतला फोन नेटवर्कला जोडला गेला की साधारणपणे तेव्हापासूनच पत्ता धरून बसतो, आणि व्होल्टीसाठी, म्हणजे फोरजीवरच्या कॉलसाठी, आणखी एक वेगळा घेतो. म्हणून वापर किती होतो यापेक्षा जोडलेली सिमकार्डे किती, हे विचारावे. समजा एका एपीएनवर, म्हणजे फोन ज्या नावाने डेटा जोडणी मागतो त्यावर, एका वेळी वीस हजार फोन येणार असतील, तर /१८ च्या पूलमध्ये १६,३८४ च पत्ते असल्याने तो अपुरा पडतो आणि /१७ घ्यावा लागतो. सार्वजनिक पत्ते इतके परवडत नाहीत, त्यामुळे खासगी पत्ते किंवा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवलेला १००.६४.०.०/१० हा पट्टा वापरून पुढे नॅट करतात, म्हणजे बाहेर पडताना ते पत्ते सार्वजनिक पत्त्यांत बदलतात. खासगी एपीएन घेणारे ग्राहक आपापल्या अंतर्गत नेटवर्कमध्ये १० ने सुरू होणारेच पत्ते वापरत असतात. दोघांचे पत्ते एकमेकांवर आले, तर प्रत्येकासाठी वेगळा व्हीआरएफ, म्हणजे त्याच राउटरमधला स्वतंत्र मार्गतक्ता, लागतो, आणि हे आयत्या वेळी कळणे फार महागात पडते.

पूल ठरला की त्याला सांडवा ठेवावा. आमचे गाव साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी आहे आणि तेथे फड पद्धतीच्या पाटाला उरलेले पाणी पुन्हा नदीत सोडण्यासाठी वाट ठेवलेली असते. ती नसेल तर पाट फुटतो. गेटवेचेही तसेच आहे. शेजारचा राउटर पूलमधल्या सर्व पत्त्यांची पॅकेट गेटवेकडे पाठवतो आणि गेटवेचा डिफॉल्ट मार्ग शेजाऱ्याकडे असतो. एखादा फोन बंद झाला आणि त्याच्यासाठी निघालेला व्हिडिओ मागून येत राहिला, तर त्या बेवारस पॅकेटला गेटवे परत पाठवतो, शेजारी पुन्हा इकडे ढकलतो, आणि टीटीएल, म्हणजे पॅकेटला ठरवून दिलेल्या टप्प्यांची संख्या, संपेपर्यंत ही ढकलाढकल चालते. संपूर्ण पूलसाठी गेटवेवर एक नल मार्ग लिहून ठेवला की असे पॅकेट तेथेच टाकले जाते. ओळ एकच आहे, पण माझ्या पहिल्या आराखड्यात ती नव्हती.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतात. टनेलसाठी लूपबॅकचा, म्हणजे कोणत्याही एका केबलला न बांधलेला, पत्ता वापरावा, म्हणजे एक केबल तुटली तरी पत्ता जिवंत राहतो. बिलिंगच्या नोंदी वेळेवर अवलंबून असल्याने घड्याळे जुळवणारी एनटीपी आधी आणि ग्राहक नंतर. फोनमधून निघालेल्या पॅकेटचा उगमपत्ता पूलमधलाच असावा आणि त्याला कंपनीच्या अंतर्गत यंत्रांपर्यंत पोहोचता येऊ नये, असे दोन्ही नियम पहिल्याच दिवशी लावावेत.

हे सारे घरी करून पाहता येते. ओपन फाइव्हजीएस आणि यूईरॅनसिम ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. पहिले फाइव्हजीचा गाभा उभा करते, दुसरे टॉवर आणि फोनचे सोंग वठवते. मे महिन्याच्या सुट्टीत, वीज जाऊन-येऊन असताना, मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून ही जोडणी केली. ओपन फाइव्हजीएसच्या मूळ मांडणीत फोनला १०.४५.०.०/१६ मधला पत्ता मिळतो. लिनक्समध्ये फॉरवर्डिंग (आलेले पॅकेट पुढे सोडणे) आणि नॅट सुरू करायला विसरलात, तर फोन जोडला जातो, पत्ताही मिळतो, पण बाहेर काहीच जात नाही. अशा वेळी पॅकेट उलगडून दाखवणारे वायरशार्क उघडून २१५२ पोर्टवरचे एक पॅकेट निवडावे आणि त्याच्या आत दडलेले दुसरे आयपी हेडर, त्यातला १०.४५ ने सुरू होणारा पत्ता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.