गिटारचा क्लास लावताना

सांगलीत गिटारचा क्लास लावताना फी विचारण्याआधी सरांना सांगा, 'एखादं भावगीत कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरून वाजवा, मग तेच एकेक तार छेडून.' दोन्ही जमलं आणि तुमच्या आवाजाला कॅपो (गाण्याची पट्टी बदलायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) कुठे लावायचा तेही सांगितलं, तर क्लास लावा. सगळी गाणी एकाच ठेक्यात बसवणाऱ्यांकडे सहा महिन्यांनी शिकायला काही उरत नाही.

रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज २० मिनिटं बरी. आधी ट्यूनिंग. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवताना, किती वेळ देतात ते एकदा बघून या, मग बेसूर गिटार हातात धरवणार नाही. नंतर जी मेजर कॉर्डवरून सी मेजर कॉर्डवर जा: मोबाइलवर एक मिनिट लावा, किती वेळा बदल झाला ते मोजा, वहीत लिहा. माझे पहिल्या दिवशी ११ झाले, त्यातले चार नुसते खडखडले. तार खडखडली तर जोर वाढवू नका, बोट फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या) पट्टीला लागून मागे ठेवा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, चुकलं तर ५०. बोटं सुरुवातीला दुखणारच, हळूहळू घट्टे पडतात.

आणि गिटार बॅगेत नको, स्टँडवर ठेवा. चेन उघडायचा कंटाळा मला महिनाभर नडला.