डिझेल गाडीचा टर्बो उशिरा लागतो? या चुका टाळा

मॅन्युअल गिअरच्या डिझेल गाडीला पिकअप नाही, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाडीत काहीही बिघडलेले नसते. चुकत असतो तो गिअर. ज्या १२४८ सीसीच्या इंजिनावर स्विफ्ट, पुंटो, व्हिस्टा अशा गाड्या वर्षानुवर्षे धावल्या, त्याच्या स्विफ्टमधल्या ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत १९० न्यूटन-मीटरचा सर्वाधिक टॉर्क २००० आरपीएमला मिळतो. त्याच्या बऱ्याच खाली टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, फिरवण्याइतका जोर धुराड्याकडे जाणाऱ्या वायूंत नसतो. तरीही खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे वेग कमी झाला, की मायलेजच्या लोभाने मंडळी चौथ्याच गिअरमध्ये राहतात आणि काटा १२००वर असताना एक्सलरेटर तळाशी दाबतात. हवा पुरेशी नसल्यामुळे गाडीचा संगणक इंधनही हात राखून सोडतो. गाडी थरथरते, क्लच आणि फ्लायव्हील मार खातात आणि दोष मात्र टर्बोला मिळतो. मी वळण येण्याआधीच गिअर खाली टाकतो, काटा १८०० ते २०००च्या आसपास राखतो आणि एक्सलरेटर हळूहळू दाबतो. हे सांगितले की नवशिक्यांचा चेहरा पडतो, कारण त्यांना विकत आणून बसवता येईल असा उपाय हवा असतो.

दुसरी चूक खिशाला फार महाग पडते, ती म्हणजे पाइप न तपासता टर्बो बदलणे. एका परिचितांची गाडी चढावर दबत असे, रेस दिली की काळा धूर सोडत असे आणि बॉनेटखालून फुस्स असा आवाज येत असे. गॅरेजवाल्याने टर्बो गेल्याचे सांगितले, नवा टर्बो बसला, आणि गाडी पुन्हा तशीच! टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या बाजूने हात फिरवला, तेव्हा बोटांना तेल लागले आणि तिथेच एक चीर सापडली. गाडी उभी असताना ती मिटलेली राही आणि दाब आला की उघडे. सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटत होती, इंधन मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडत होते. काळा धूर त्याचाच होता. माझी पद्धत साधी आहे: इंजिन थंड असताना सगळे जोड फडक्याने कोरडे पुसावेत, गाडी एखाद्या चढावर नेऊन आणावी आणि इंजिन पुन्हा निवल्यावर ताजे तेल कुठे दिसते ते पाहावे. पाइपच्या आत तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे. बाहेरून एकाच जागी ओल आली, तर पाइप किंवा क्लॅम्प बदलावा. टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या अॅक्च्युएटरकडे जाणारी बारीक व्हॅक्यूम नळीही त्याच वेळी पाहून घ्यावी, कारण ती कडक होऊन तडकते.

एअर फिल्टर फुंकून पुन्हा पुन्हा वापरू नये. टर्बो लागेपर्यंत हाफ क्लचवर गाडी रेटणे म्हणजे क्लच प्लेट जाळणे होय. गाडीच्या संगणकाला जोडायची चिप बसवल्याने इंधन आणि दाब वाढवता येतो, पण टर्बाइनचे, म्हणजे वायूंनी फिरणाऱ्या चाकाचे, वजन घटत नाही, त्यामुळे ते उशिराच वेग घेते. गळक्या पाइपवर चिप बसवणाऱ्यांना काय म्हणावे, हे मला अजून उमगलेले नाही. बीएस-६ गाडीतला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याकडे पुन्हा गाडी नेऊ नये. घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवूनच बंद करावे, अन्यथा तापलेल्या बेअरिंगमध्ये तेल करपते आणि पुढे टर्बोचा शाफ्ट जड फिरू लागतो.