पेरणीआधी अवजारांचं लाकूड बदलताना

पेरणीला अवकाश आहे आणि हवा कोरडी आहे, तोवर अवजारांची लाकडी कामं उरकून घ्या. जू, नांगराचं रुमणं (हातात धरायचा दांडा), पाभरीचं दिंड (पेरणीच्या अवजाराचं फण बसवायचं आडवं लाकूड), ट्रॉलीच्या फळ्या यांतलं काही मोडलं असेल तर जुना तुकडा लगेच चुलीत घालू नका. तो नीट पाहिला की नवं लाकूड कसं हवं ते कळतं. लांब चिरफळ्या निघून तुटलं असेल तर लाकूड चांगलं होतं, ताणच जास्त पडला. आडवं, खडूसारखं कट्टकन तुटलं असेल तर आतून कुजलं असण्याची शक्यता मोठी. आणि लाकडाच्या रेषांच्या (तंतूंच्या) बाजूने तिरकं फाटलं असेल तर लाकूड कापतानाच चूक झाली होती.

ही शेवटची चूक फार होते. लाकडाची ताकद रेषांच्या लांबीत असते. दांड्याच्या एका टोकाला सुरू झालेली रेष दुसऱ्या टोकापर्यंत गेली पाहिजे. मध्येच कडेला बाहेर पडली तर तो दांडा बाभळीचा असो की सागाचा, झटका बसला की तिथेच फाटणार. लाकूड निवडताना मी झाडाच्या नावाआधी रेषाच बघतो.

झटके सोसायचे असतील तिथे बाभूळ, धावडा, तिवस. ऊन-पाऊस खात पडून राहणाऱ्या भागांना साग उत्तम, पण सतत आदळणाऱ्या भागाला तो बाभळीइतका चिवट नाही. आंबा आणि सावर उघड्यावरच्या कामाला घेऊच नका. झाड कुठलंही असलं तरी टिकतो तो गाभ्याचा गडद भाग. सालीलगतचं पांढरट लाकूड सागाचंसुद्धा कुजतं, आणि बाभळीचं तर किडे पोखरून पीठ करतात. ते तासून टाका, लाकूड वाया गेलं असं मानू नका. खोडाच्या अगदी मधलं भेंड तुकड्यात आलं तर वाळताना तिथून चिरा जातात, तेही टाळा.

आता वाळवणीचं. एका वर्षी घाईत मी ओल्या बाभळीचं दिंड बसवलं. बोल्ट मरेस्तोवर आवळले होते, तरी महिन्याभरात लाकूड आकसलं, बोल्ट खुळखुळू लागले आणि ऐन पेरणीत फणांमधलं अंतर चुकलं. तेव्हापासून ओलं लाकूड अवजाराला लावत नाही. ढोबळ हिशेब इंचभर जाडीला वर्षभर वाळवणीचा. सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये पट्ट्या घालून रचा. टोकांकडून ओल सर्वांत वेगाने उडते आणि तिथेच भेगा पडतात, म्हणून कापल्या दिवशीच टोकांना रंग किंवा मेण लावा. तुकड्याचं दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ दोनतीनदा सारखंच भरलं की वाळला समजा. ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला लाकूड कुजवता येत नाही.

काही कम्बाईन हार्वेस्टरच्या स्ट्रॉ वॉकरला, म्हणजे दाणे झाडत पेंढा मागे ढकलणाऱ्या हलत्या भागाला, लाकडी बेअरिंग असतात. तिथे साधा ठोकळा तासून बसवू नका. तेल मुरवलेलं कठीण लाकूडच लागतं, आणि ओल्या लाकडात तेल मुरत नाही. शक्यतो त्या मापाचं तयार बेअरिंगच घ्या.

भोकं बोल्टच्या मापाचीच पाडा, आणि एकाच रेषेवर ओळीने नकोत, लाकूड तिथून उकलतं. नटाखाली रुंद वायसर घाला. बाभळीत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं, ओलाव्यात लोखंडाशी लागून ते काळं पडतं आणि बोल्ट गंजतो, म्हणून बोल्टला ग्रीस लावूनच आत सारा. तासून झाल्यावर जवसाच्या तेलाचे दोन हात द्या, भोकांच्या आतही. तेलाची फडकी मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

काम झालं की दिंडाचा आणि रुमण्याचा एकेक जास्तीचा तुकडा, टोकावर कापल्याची तारीख खडूने लिहून, आढ्याला टांगून ठेवा.