नदीकाठच्या सायकल सफरीत पावसाचा दिवस : आदल्या रात्रीची तयारी

ही तयारी आदल्या रात्री, हात कोरडे असतानाच उरकायची. सुरुवात हवामानापासून, पण फक्त आपल्या मुक्कामाचा अंदाज बघून भागत नाही. नदीच्या वरच्या अंगाला किती पाऊस झालाय, तेही बघावं. मोठ्या नदीत तिकडचं पाणी खाली पोचायला तासन्‌तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. त्यामुळे डोक्यावर ऊन आणि वाटेवर पाणी, असंही होतं. पुलाखालून जाणारे सखल तुकडे सगळ्यात आधी बुडतात. नकाशावर ते हेरून, त्याआधी वरच्या रस्त्याला कुठून लागता येईल याची खूण करून ठेवा. वाटेत नाव किंवा फेरी घ्यायची असेल तर पाणी चढल्यावर ती बहुधा बंद असते; मग जवळचा पूल किती लांब, हे माहीत हवं. वाटेवर वाहतं पाणी दिसलं तर खोली अजमावत बसू नका, मागे फिरा. जेमतेम 15 सेंटीमीटर पाण्यालाही ओढ असेल तर उभा माणूस कोलमडतो, आणि गढूळ पाण्याखाली वाट शिल्लक आहे की खचलीय, कळत नाही.

कपड्यांत रेनकोटवर फार विसंबू नये. लेबलवर 10,000 मिलिमीटर (कापड किती पाणी अडवतं याचं माप) लिहिलेलं असलं तरी चढावर माणूस घामाने आतून भिजतोच, म्हणून काखेत झिप असलेला बरा. पाँचो स्वस्त आणि हवेशीर खरा, पण नदीकाठच्या मोकळ्या वाऱ्यात त्याचं शीड होतं. खरा शत्रू गारठा. अंगाला लागून सुती काही नको, लोकरी किंवा सिंथेटिक घाला. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, कारण बोटं बधिर झाली की ब्रेकही नीट दाबता येत नाही. मुक्कामाचे कपडे मात्र काही झालं तरी दिवसा बाहेर काढायचे नाहीत. बॅगेच्या तोंडाला तीन घड्या घालून ते तळाशी. रेनकोट, खाऊ आणि ट्यूब सगळ्यात वर.

ट्यूब नवीच, आणि दोन. ओल्या रस्त्यावर काचेचे बारीक तुकडे टायरला चिकटतात आणि पाण्यामुळे रबरात सहज घुसतात. भिजल्या ट्यूबवर पॅच धरत नाही. पॅचचं काम रात्री छपराखाली. टायरची हवा किंचित कमी ठेवा. रिमवरचे ब्रेक आधी पाणी पुसतात, मग लागतात, त्यामुळे उतारावर आधीपासून दाबत जा. लाकडी पूल, रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, ओला पाला यांवर ना ब्रेक, ना वळण. रूळ आडवेच, शक्यतो काटकोनात ओलांडा.

दिवे दिवसाही लावा. मोबाइलचा पडदा थेंब पडले की भलतंच ऐकतो, म्हणून कागदी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत हवाच. वीज चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत शिरा, झाडाखाली नको, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

मुक्कामी पोचल्यावर अंघोळीआधी चेन पुसून तेल द्या, ब्रेक पॅडमधली रेती काढा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपताना एकदा बदला.