वाय-फायला नाव देताना या चुका टाळा

सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलवर थांबलात की फोनमधली वाय-फायची यादी उघडून बघा. आजूबाजूची दुकानं, दवाखाने, वरच्या मजल्यावरचे क्लास, शेजारच्या रिक्षातला हॉटस्पॉट, सगळे तिथे हजर असतात. सगळ्यात जास्त नावं कंपनीनं दिलेली: जिओफायबर, एअरटेल, टीपी-लिंक, डी-लिंक आणि पुढे चार-सहा अक्षरं-आकडे. मग रेडमी, विवो, रिअलमी असे फोन. 'डायरेक्ट'पासून सुरू होणारी नावं बहुतेक प्रिंटरची नाहीतर टीव्हीची. आणि मधूनच कुणीतरी मन लावून ठेवलेलं एखादं: 'पासवर्ड मागू नये', 'आधी भाडं द्या', 'शेंगाचटणी'.

रस्त्यानं जाताना ही नावं, त्यांचा सिग्नल आणि ठिकाण नोंदवत जायचं, याला वॉरड्रायव्हिंग म्हणतात. जगभरातल्या हौशी लोकांच्या अशा नोंदी 'विगल' नावाच्या साइटवर २००१ पासून जमा होत आहेत. तिथे नकाशा आहे, आणि नाव टाकून नेटवर्क शोधताही येतं. तुमचा राऊटर स्वतःचं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत सोडतो आणि ते उघडं असतं. पासवर्डनं आतला मजकूर झाकला जातो, नाव झाकलं जात नाही. दारावरची पाटी जशी रस्त्यावरचा कुणीही वाचतो, तसंच हे. घरोघरी होणाऱ्या बहुतेक चुका हे माहीत नसल्यामुळे होतात.

नावातच घरचा पत्ता

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या चुकीची. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड अशा अपार्टमेंटच्या भागात आडनाव आणि फ्लॅट नंबर जोडून केलेली नावं सर्रास दिसतात. पेठांमध्ये आडनावापुढे मजला असतो, पूर्व भागात कारखान्याच्या नावापुढे मालकाचं नाव. काही जण चक्क मोबाइल नंबरच नाव म्हणून टाकतात. एखाद्या बंगल्यासमोर उभं राहिलं की सिग्नल उणे पन्नासच्या आसपास, चार घरं पुढे गेलं की उणे ऐंशी (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). म्हणजे कोणतं नाव कोणत्या घराचं, हे दारावर टकटक न करता कळतं. आडनाव, मजला आणि नंबर हातात आले की 'तुमच्या इंटरनेटचं बिल थकलंय' असा फोन करणाऱ्याचं अर्धं काम झालं.

त्यातही ज्यांचा पासवर्ड म्हणजे स्वतःचा मोबाइल नंबर आहे, त्यांनी आज संध्याकाळीच तो बदलावा. तुमचा फोन राऊटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती रस्त्यावरून टिपता येते. पासवर्ड ओळखायचं पुढचं काम घरी बसून, इंटरनेटशिवाय चालतं. चांगलं ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२ चे (वाय-फायला पासवर्डनं कुलूप लावायच्या नेहमीच्या पद्धतीचे) पासवर्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात तपासतं. आठ आकडी पासवर्डाच्या शक्यता दहा कोटी, म्हणजे दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सहा ते नऊनं सुरू होणारे दहा आकडी मोबाइल नंबर चारशे कोटी, म्हणजे जेमतेम सव्वा तास. आणि नंबर नावातच लिहिलेला असेल तर तेवढेही कष्ट नाहीत. आकड्यांचा पासवर्ड नकोच. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा. मर्यादा त्रेसष्ट अक्षरांची आहे, जागा भरपूर आहे.

'नाव काहीही असो, पासवर्ड आहे ना'

हा समज चुकीचा आहे, आणि त्याचं कारण फार जणांना माहीत नसतं. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्डपासून जी खरी किल्ली तयार होते, तिच्यात नेटवर्कचं नाव मिसळलेलं असतं. पासवर्ड आणि नाव एकत्र घेऊन चार हजार शहाण्णव वेळा घुसळलं जातं आणि त्यातून किल्ली निघते. त्यामुळे एकच पासवर्ड दोन वेगळ्या नावांखाली दोन वेगळ्या किल्ल्या देतो. पण जे नाव जगात लाखो ठिकाणी आहे, त्याच्यासाठी किल्ल्या आधीच तयार करून ठेवता येतात. आणि तसं झालेलंही आहे: 'लिंकसिस', 'डीफॉल्ट', 'नेटगिअर' यांसारख्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या एक हजार नावांसाठी लाखभराहून जास्त शब्दांचे तक्ते करून वाटले गेले. कोणती नावं जास्त आढळतात हे कळलं ते वॉरड्रायव्हिंगच्या नोंदींवरूनच.

कंपनीच्या नावापुढे आकडे असतील तर हा धोका कमी, पण राऊटर कोणत्या बनावटीचा हे तरी जाहीर होतंच. जुन्या मॉडेलमधली एखादी खोट माहीत असणाऱ्याला तेवढं पुरतं.

मग एकदम वेगळं नाव ठेवावं का? तिथेही थांबून विचार करा. जगात एकमेव असलेलं नाव विगलसारख्या ठिकाणी एका फटक्यात सापडतं. घर बदललं, राऊटर सोबत नेला आणि नाव तेच ठेवलं, तर नवीन पत्ताही त्याच नावाखाली चढतो. माझ्या मते उत्तम नाव म्हणजे फारसं कुणाकडे नसलेलं, पण तुमच्याबद्दल काहीही न सांगणारं. 'जांभूळ ढग' चालेल. बंगल्याचं नाव, मुलीचं नाव, गाडीचा नंबर नको.

भीती घालणारी नावं

'सायबर सेल', 'पोलीस व्हॅन' किंवा बॉम्बचा उल्लेख असलेली नावं ठेवू नका. २०१६ मध्ये मेलबर्नहून पर्थला निघालेल्या विमानात एका प्रवाशाला स्फोट घडवणाऱ्या यंत्राच्या नावाचा हॉटस्पॉट दिसला आणि विमान खोळंबलं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर केवढी गर्दी असते ते सोलापूरकराला सांगायला नको. तिथे असं नाव कुणाच्या फोनवर उमटलं तर काय होईल?

चिन्हांचा खेळही नको. २०२१ मध्ये टक्क्याची चिन्हं असलेल्या एका नावाला जोडलं की आयफोनचं वाय-फायच बंद पडायचं. आयओएस १४.७ मध्ये ते दुरुस्त झालं.

देवनागरी नाव अर्धवट का येतं?

मराठीत नाव ठेवता येतं, आणि ठेवावं. फक्त मोजमाप समजून घ्या. नावाला जागा बत्तीस बाइटची. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तसुद्धा तीन-तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. 'सोलापूर' एकवीस बाइटचं, सहज बसतं. 'सिद्धेश्वर' तीस बाइटचं, काठोकाठ बसतं. 'श्री सिद्धेश्वर' त्रेचाळीस होतं, बसत नाही. 'आई रूपाभवानी' चौतीस, दोनच बाइट जास्त! अशा वेळी काही राऊटर चूक दाखवतात, काही शेवट कापून टाकतात आणि यादीत चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं.

दुसरी अडचण ह्रस्व-दीर्घाची. टीव्हीवर नाव हातानं टाकताना 'सोलापुर' लिहिलंत आणि राऊटरवर 'सोलापूर' असेल तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नेटवर्कं. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही तसाच घोळ घालते. जुने प्रिंटर आणि स्वस्तातले स्मार्ट बल्ब देवनागरी नाव ओळखतीलच असं नाही. त्यांच्यासाठी पाहुण्यांचं (गेस्ट) नेटवर्क इंग्रजी नावानं वेगळं चालू करा.

नाव लपवून काही साधत नाही

राऊटरमध्ये नाव लपवायची सोय असते आणि ती सुरक्षेसाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात राऊटर गप्प बसतो आणि तुमचा फोन बोलायला लागतो. लपवलेलं नेटवर्क शोधायला फोनला 'अमुक नाव इथे आहे का' असं विचारत राहावं लागतं, नवी पेठेत खरेदी करतानाही आणि एसटी स्टँडवरही. शिवाय कुणी जोडलं गेलं की त्या क्षणी नाव हवेत येतंच.

नकाशावर यायचं नसेल तर दुसरा उपाय आहे. नावाच्या अगदी शेवटी अंडरस्कोर देऊन इंग्रजीत 'नोमॅप' जोडा. गुगलनं २०११ पासून ही खूण मानली आहे. तिला सहा बाइट लागतात, हे देवनागरी नाव ठेवणाऱ्यांनी हिशेबात धरावं.

दुकानदारांसाठी

चादरी-टॉवेलच्या दुकानात गल्ल्याशेजारी यूपीआयचा क्यूआर, आणि त्याच्याच खाली पुठ्ठ्यावर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड. त्याच नेटवर्कवर बिलिंगचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर. 'अण्णा, गिऱ्हाइकाला कॅमेऱ्याच्या खोलीची किल्ली देताय का?' असं विचारलं तर कुणीही नाहीच म्हणेल, पण इथे तेच होतं. गिऱ्हाइकांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा. बहुतेक राऊटरमध्ये ती सोय असते आणि पैसे पडत नाहीत.

पासवर्डच नसलेलं नेटवर्क ठेवू नका. जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या आधी पाठवलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेला होता. चौकशी त्या घरापर्यंत पोहोचली. पुढे २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्कं शोधायला स्वतः पथकं फिरवली.

स्वतः यादी करायला निघालात तर

गाडी चालवताना फोनकडे बघायचं नाही. नावं नोंदवणारं अ‍ॅप चालू करून फोन खिशात. अँड्रॉइडवर नावं फार कमी येत असतील तर लोकेशन चालू आहे का बघा, बॅटरी सेव्हर बंद करा आणि डेव्हलपर ऑप्शनमधलं वाय-फाय स्कॅन थ्रॉटलिंग बंद करा. ते चालू असेल तर अ‍ॅपला दोन मिनिटांत चारदाच शोध घेता येतो. आयफोनवर अशी अ‍ॅप चालत नाहीत. नोंद सुरू आणि बंद घरापासून लांब करा, नाहीतर तुमचाच उंबरठा नकाशावर जाईल. नाव वाचणं वेगळं आणि कुणाच्या नेटवर्कमध्ये परवानगीशिवाय शिरणं वेगळं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नाव बदलल्यावर सगळं बंद पडलं?

पडणारच, कारण प्रत्येक उपकरण जुनं नाव आणि जुना पासवर्ड धरून बसलेलं असतं. राऊटर नवीन घेतला असेल आणि जुनं नाव-पासवर्ड चांगले असतील, तर नव्यात तेच अक्षरशः जसेच्या तसे टाका. बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात. नाव बदलायचंच असेल तर आधी घरातल्या उपकरणांची यादी कागदावर करा: फोन, टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, इन्व्हर्टर, बल्ब. मग एकेक जोडत जा. बल्ब किंवा कॅमेरा ऐकत नसेल तर तो बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असतो. फोन तेवढा वेळ त्याच बँडवर आणा. (नावापुढे दिसणारं '५जी' म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झचा बँड. पेठांतल्या दगडी भिंतींपलीकडे तो फार पोहोचत नाही.) कॅमेरा जोडला गेला असं दिसलं तरी अ‍ॅप उघडून त्या दिवसाचं रेकॉर्डिंग चालवून बघा, आणि जुनं नाव प्रत्येक फोनच्या यादीतून 'विसरा' करून काढून टाका.