पन्नाशीनंतर गटात व्यायाम सुरू करताय? या चुका टाळा

घरी दहा बैठका काढून थांबणारा माणूस गटात पंचवीस काढतो. गटाचा मोठा फायदा हाच, आणि बऱ्याच दुखापतींचं मूळही हेच. शेजारची बाई ५ किलोचं डंबेल सहज उचलते म्हणून आपणही तेच घेतो. ती तीन वर्षांपासून येते आहे, हे आपल्या लक्षातच येत नाही.

शेजाऱ्याकडे बघून वजन ठरवणं

ही चूक मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण तिची किंमत लगेच कळत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते. तेव्हा स्नायू फारसे वाढलेले नसतात. मेंदू आणि मज्जातंतू आहेत तेच स्नायू जास्त चांगले वापरायला शिकलेले असतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मात्र हळू बळकट होतात, आणि वयाबरोबर आणखी हळू. म्हणून दुसऱ्या महिन्यात अंगात जोर आल्यासारखं वाटतं, आपण वजन वाढवतो आणि खांदा नाहीतर कोपर धरतं.

वजन असं निवडा की १० ते १२ वेळा नीट उचलता येईल आणि शेवटी वाटेल, ‘अजून दोनदा जमलं असतं.’ ते सोपं झालं की आधी संख्या वाढवा, वजन त्यानंतर.

आजार लपवणं

चारचौघांत सांगायला संकोच वाटतो, हे मी समजू शकतो. मग वर्ग सुरू होण्याआधी प्रशिक्षकांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगाच. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, नाडीचा वेग वाढू देत नाहीत. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातला आकडा बघून ‘अजून जोर लावा’ म्हणणं चुकीचं ठरतं. त्यापेक्षा व्यायाम करताना बोलता येतंय का, हे पाहावं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर काही तासांनीही खाली जाऊ शकते. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून पुढे वाकण्याचे व्यायाम आणि सिट-अप्स टाळावे लागतात. हृदयविकार असेल किंवा चालताना छातीत दडपण येत असेल, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना भेटा.

प्रत्येक दुखण्याला घाबरणं, किंवा कुठल्याच दुखण्याला न घाबरणं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच आंबल्या असतील तर काळजी नको. हलकं चालत राहा, दुखणं ओसरतं. सांध्यात नेमक्या जागी चमक निघते, सूज येते, एकच बाजू ठणकते, तर तो व्यायाम थांबवून दाखवून घ्या. छातीत दडपण, एकदम थंड घाम फुटणं, जबड्याकडे किंवा हातात जाणारी कळ, घेरी यांपैकी काहीही झालं तर ‘हा सेट संपवतो’ म्हणू नका. तिथेच थांबा, शेजारच्याला सांगा आणि तातडीची वैद्यकीय मदत मागवा.

बैठकीत गुडघा दुखत असेल तर बैठक सोडण्याची घाई नको. मागे खुर्ची ठेवा, कंबर मागे नेत तिच्यावर टेकून उठा. तरी दुखलं तर खुर्चीवर उशी घालून उंची वाढवा. जमिनीवरून उठताना अंधारी येत असेल तर आधी बसा, दोन-चार श्वास घ्या, मग उभे राहा.

श्वास कोंडून वजन उचलू नका, रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना श्वास सोडायचा. मोठ्याने आकडे मोजले की ते आपोआप होतं.

‘आता या वयात एवढंच’

वर्षानुवर्षं तेच १ किलोचं डंबेल हलवत राहणं, हीसुद्धा चूकच. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या अशक्त माणसांनी ८ आठवडे पायांचे वजनी व्यायाम केले. ज्यांनी ते पूर्ण केले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. उचलायचं वजन प्रत्येकाच्या कुवतीनुसार ठरवलेलं होतं आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेलं होतं. साठीतल्या माणसाने स्वतःला म्हातारं ठरवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचे व्यायाम सुचवते. ६५ नंतर ३ दिवस तोल सांभाळण्याचेही. रोज त्याच स्नायूंवर वजन घेऊ नका, मध्ये एक दिवस जाऊ द्या.

खाडा पडला म्हणून सोडून देणं

आजारपण, लग्नकार्य, प्रवास, खाडे पडणारच. तीन आठवड्यांनी परत जाताना लाज वाटते आणि मग जाणंच राहून जातं. वजन निम्म्यावर आणून सुरू करा. एकदा कमावलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परत येते. आणि तुम्ही नियमित येणाऱ्यांपैकी असाल तर न आलेल्याला फोन करा. ‘का आला नाहीत?’ असं विचारू नका, ‘उद्या तुमची जागा धरून ठेवतो’ एवढंच सांगा.